घरचा कॉम्प्युटर, व्हायरस आणि कपाटातली सुटी हार्ड डिस्क

प्रश्न: "घरी आठ वर्षांचा डेस्कटॉप आहे, विंडोज १० चा. लग्नापासूनचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, शेताचे स्कॅन केलेले उतारे, आयकराची कागदपत्रं, सगळं त्यातच. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरमधलं सगळं व्हायरसने गेलं, तेव्हापासून धास्ती बसलीय. आम्ही दर महिन्याला डी ड्राइव्हवर कॉपी काढून ठेवतो. कोणता अँटिव्हायरस घ्यावा? शिवाय वडिलांचा जुना विंडोज सेव्हनचा लॅपटॉप आहे, त्याचं काय करावं?"

अँटिव्हायरसचं नाव शेवटी सांगतो. तुमच्या प्रश्नातलं मला जास्त काळजीचं वाटलं ते डी ड्राइव्हचं वाक्य. आधी ते निस्तरू.

मी सांगलीत १९९८ पासून कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. आपल्याकडे मशीन जोडून देणारा पोरगा हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडतो आणि निघताना सांगून जातो, "सीमध्ये काही ठेवू नका, डी सेफ आहे." मीही हे वाक्य शेकडो घरांत बोललोय. त्या काळी ते चाललंही. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा, नवीन विंडोज टाकायचं, डीला हात लागायचा नाही. पण सी आणि डी म्हणजे एकाच गटात बांध घालून केलेले दोन तुकडे. डिस्क जळाली तर दोन्ही जातात, मशीन चोरीला गेलं तर दोन्ही जातात. आणि फायलींना कुलूप घालणारा आजचा व्हायरस तर कॉम्प्युटरला जे जे ड्राइव्ह दिसतील त्या प्रत्येकात शिरतो. बांध ओलांडायला त्याला परवानगी लागत नाही.

पूर्वी असं नव्हतं. २६ एप्रिल १९९९ ला, सोमवारी, मी दुकान उघडायच्या आधीच दारात तीन कॅबिनेट येऊन पडली होती. सीआयएच नावाचा व्हायरस होता, ठरलेल्या तारखेला उठायचा. डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबीवर शून्यं लिहायचा आणि काही मदरबोर्डांवरची बायॉसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारी, चिपसुद्धा पुसून टाकायचा. त्याला तुमच्याकडून काही नको होतं, नुसती नासधूस. आताच्याला पैसे हवे असतात, आणि तुमच्या बारशाच्या फोटोंची तुम्हाला किती किंमत आहे हे त्याला चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे तो कॉम्प्युटर बिघडवत नाही. कॉम्प्युटर छान चालू ठेवतो, फक्त तुमच्या फायली उघडू देत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्या शेजाऱ्यांकडेही बहुधा हेच झालं असणार.

विश्रामबागेत राहणाऱ्या एक निवृत्त बाई. शाळेच्या सहलींचे, स्नेहसंमेलनांचे तीस वर्षांचे फोटो त्यांनी स्वतः स्कॅन करून ठेवले होते. सुट्टीत नातू आला. त्याला व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर फुकट हवं होतं. त्याने "क्रॅक" उतरवला, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून त्याचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम. ती झिप फाइल पासवर्ड घातलेली होती आणि पासवर्ड शेजारीच लिहिलेला होता. इथे थांबून विचार करा: पासवर्ड जगाला सांगायचाच आहे तर घालायचा कशाला? अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून, दुसरं काही कारण नाही. आत एक सूचनांची फाइल होती: आधी डिफेंडर (विंडोजमधलाच अँटिव्हायरस) बंद करा, क्रॅकला तो चुकून व्हायरस समजतो. नातवाने इमानेइतबारे डिफेंडर बंद केला. मग विंडोज अपडेटसारखी दिसणारी एक खिडकी आली, टक्के पुढे सरकत राहिले. तो जेवायला गेला.

परत आला तेव्हा प्रत्येक फोटोच्या नावापुढे जेपीजीनंतर चार निरर्थक अक्षरं लागलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये "रीडमी" नावाची चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९०. या कुळाचं नाव स्टॉप-डीजेव्हीयू. घरगुती कॉम्प्युटरवर याच्याइतका माजलेला दुसरा खंडणीखोर मी पाहिला नाही, आणि माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक केसमध्ये तो क्रॅकच्या वाटेनेच आला होता. ती अपडेटची खिडकी खोटी असते. मागे कुलूप घालायचं काम चालू असताना डिस्क का कुरकुरतेय असा संशय येऊ नये म्हणून. विंडोज स्वतः मागच्या तारखांच्या ज्या छुप्या प्रती ठेवतं, त्या तो पुसतो. मदत शोधायला जाल म्हणून सुरक्षेच्या वेबसाइटचे रस्ते कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये बंद करून ठेवतो. जाता जाता पासवर्ड चोरणारा एक जोडीदारही सोडतो. नातवाचं ई-मेल खातं तिसऱ्या दिवशी कुणीतरी दुसऱ्याने उघडलं, ते त्यामुळे.

बाईंची डी गेली. बाईंनी बाहेरची हार्ड डिस्कसुद्धा घेतलेली होती, आणि हे सांगताना मला अजून वाईट वाटतं, ती कायम मागे जोडलेलीच असायची. "काढ-घाल कोण करणार?" तीही गेली. वाचलं काय? पुण्यातल्या लेकीला २०१४ साली पोस्टाने पाठवलेल्या चार डीव्हीडी. सांगलीहून पुण्याला गेलेल्या आणि कपाटात विसरलेल्या. त्यातून साठ टक्के फोटो परत आले.

त्या चार डीव्हीडींत सगळा धडा आला. कॉम्प्युटरपासून सुटी असलेली, वायर न जोडलेली प्रत. तुमच्याकडे आज तशी एकही नाही.

आता ती कशी करायची ते जरा तपशिलात सांगतो, कारण लोक इथेच चुकतात. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक नको, दोन. महिन्यातून एकदा पहिली लावायची, तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करायचा, फोटो-व्हिडिओ-कागदपत्रं कॉपी करायची, काढून कपाटात. पुढच्या महिन्यात दुसरी. असं आळीपाळीने. दोन का? समजा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आधीच शिरलाय आणि तुम्हाला माहीत नाही. तुम्ही डिस्क जोडली की ती त्याच्या तावडीत सापडली. तरी दुसरी कपाटात शाबूत असते. जुन्या तारखेचे फोल्डर जागा पुरेल तोवर पुसू नका. कुलूप लागलेल्या फायलींनी चांगल्या फायलींवर मात केली असं व्हायला नको.

आठवण कशी राहणार, हा खरा प्रश्न. आमच्या एक ग्राहक काकू दर संकष्टीला करतात. संध्याकाळी चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं, तेवढ्यात कॉपी होते. वर्षातून बारा बॅकअप, एकही चुकला नाही. मोठमोठ्या कंपन्यांत मी इतकी शिस्त पाहिलेली नाही. तुम्ही वीजबिल भरायच्या दिवशी करा, पगाराच्या दिवशी करा, पण दिवस एखाद्या नेहमीच्या गोष्टीला बांधून टाका.

एक घोळ नेहमी दिसतो. लोक "बॅकअप घेतला" म्हणतात आणि प्रत्यक्षात फायली कट करून बाहेरच्या डिस्कवर नेलेल्या असतात, मूळ कॉम्प्युटरवरून गेलेल्या. तो बॅकअप नाही, ते सामान हलवणं झालं. ती डिस्क टेबलावरून पडली की संपलं, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्क पडतात आणि मरतात, हे माझ्या धंद्यातलं ठरलेलं उत्पन्न आहे. मूळ जागी एक, बाहेर एक, अशा किमान दोन जागी फाइल असेल तरच त्याला प्रत म्हणा. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षांसाठी विसंबू नका. तो ने-आण करायला आहे. आणि कॉपी झाल्यावर पाच-सहा फायली कुठल्याही उघडून बघा. एकदा एका वकिलांच्या डिस्कवर दोन वर्षांचे फोल्डर व्यवस्थित नावानिशी होते, आत शॉर्टकट होते नुसते.

तिसरी प्रत घराबाहेर. हे मला व्हायरसने नाही, कृष्णामाईने शिकवलं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच चिखलात सापडली. तेव्हा दोन डिस्कपैकी एक बहिणीकडे, भावाकडे, ऑफिसच्या खणात ठेवा. नाहीतर क्लाउड आहेच. गुगलकडे १५ जीबी फुकट, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी. सगळ्या व्हिडिओंना पुरणार नाही, पण उतारे, खरेदीखतं, आयकर, मार्कशीट आणि निवडक फोटो आरामात मावतात.

मात्र क्लाउडचं एक वळण समजून घ्या. कॉम्प्युटरवरचा जो फोल्डर आपोआप सिंक होतो, तिथे फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. सिंक म्हणजे आरसा. तोंडाला काळं लागलं की आरशातही लागतं. वाचवणारी गोष्ट म्हणजे जुन्या आवृत्त्या. गुगल ड्राइव्हवर वर चढवलेल्या फाइलची आधीची आवृत्ती साधारण ३० दिवस मिळते, वनड्राइव्हवरही फाइलचा इतिहास बघता येतो. म्हणजे लक्षात लवकर यायला हवं. मोबाइलमधल्या गुगल फोटोजबद्दलही तेच: वर फोटो गेलाय म्हणून मोबाइलमधल्या त्याच अ‍ॅपमधून डिलीट केलात तर तो दोन्हीकडून जातो. हे सांगून मी अनेकांची तोंडं उतरलेली पाहिली आहेत.

आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं उघडी ठेवू नका. सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने पासवर्ड घालून एकच गठ्ठा करता येतो. त्याचा पासवर्ड मात्र विसरलात तर तो मीही उघडू शकत नाही, कुणीच नाही. डेस्कटॉपवर "पासवर्ड" नावाची नोटपॅड फाइल असेल तर ती आजच उडवा. फायली चोरणारे व्हायरस आधी डेस्कटॉपवरच्या टेक्स्ट फायलीच उचलतात. त्यापेक्षा सरळ वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. तरुण मंडळी मला यावरून हसतात. हसू देत, रशियात बसलेल्या चोराला माझं कपाट उघडता येत नाही.

एवढं झालं की निम्म्याहून जास्त काम संपलं. आता तो आत कसा येतो ते.

क्रॅकचं वर आलंच. माझं म्हणणं एवढंच की जिथे बँकेचं काम आणि घरचे फोटो आहेत त्या मशीनवर क्रॅक नको, अ‍ॅक्टिव्हेटर नको, मोफत केलेले गेम नकोत. डीटीपीवाल्या आणि फोटो स्टुडिओवाल्या मित्रांना हे पटत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांना मी निदान वेगळं मशीन ठेवायला सांगतो. घरगुती लिखाणाला लिबरऑफिस पुरतं, फोटोला गिंप आहे, मराठी टायपिंग तर विंडोजमध्येच आहे. ज्या सॉफ्टवेअरच्या सूचनेत "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलंय ते तिथेच सोडून द्या. कुलूपवाला दाराशी येऊन "राखणदाराला जरा सुट्टी द्या" म्हणत नसतो.

दुसरी वाट झेरॉक्सच्या दुकानातली. फॉर्मची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन जातो, तिथल्या मशीनला दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह लागलेले असतात. घरी येऊन बघावं तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. अशा वेळी लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि डाटा खरोखर घालवतात. खरं तर फायली तिथेच असतात. व्हायरस त्या लपवून त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडतो, तुम्ही क्लिक केलं की आधी तो चालतो आणि मग तुमचा फोल्डर उघडून देतो, म्हणजे तुम्हाला कळतही नाही. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी पेन ड्राइव्ह स्कॅन करा, मग फोल्डरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फायली दाखवा हा पर्याय चालू करा आणि त्याच यादीतली "ऑपरेटिंग सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवा" ही खूण काढा. हे दुसरं केलं नाही तर फायली दिसतच नाहीत, आणि इथेच बहुतेकजण हरतात. फायली कॉपी करून घेतल्या की ती खूण परत लावा. मुळात घरातल्या आणि बाहेरच्या चपला जशा वेगळ्या असतात, तसा बाहेर न्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात प्रिंट काढायच्या दोन फायलींपलीकडे काही नको. त्याहून सोपं म्हणजे दुकानदाराला पीडीएफ ई-मेल करा.

तिसरी वाट नावात फसवण्याची, आणि ती फार जुनी आहे. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला "आय लव्ह यू" व्हायरस प्रेमपत्राच्या टेक्स्ट फाइलसारखा दिसायचा, कारण नावाचा शेवटचा तुकडा विंडोज लपवतं. इतकी वर्षं झाली, विंडोज अजूनही मुळात तो तुकडा लपवतंच. मायक्रोसॉफ्टचा हा हट्ट मला कधी कळला नाही. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा. मग "मुलीचा बायोडाटा पीडीएफ" असं म्हणत आलेल्या फाइलच्या शेपटाला डॉट ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आहे हे दिसेल. स्थळ कितीही चांगलं असलं तरी बायोडाटा ईएक्सई नसतो. मोबाइलवर हाच खेळ एपीकेचा, म्हणजे थेट प्रोग्रॅम बसवणाऱ्या फाइलचा: लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी, काहीही नाव असो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही.

अलीकडे एक नवी युक्ती आलीय, ती घरच्यांना दाखवून ठेवा. एखाद्या साइटवर "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" असं येतं आणि मग सांगतात: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा कॉम्प्युटरला देता. क्लिक करताच त्यांनी ती तुमच्या क्लिपबोर्डवर टाकलेली असते. जगातली कुठलीही खरी तपासणी तुम्हाला ही कळ दाबायला सांगत नाही. याच वाटेने पासवर्ड आणि ब्राउझरमधलं लॉगिन उचलणारे व्हायरस येतात. लॉगिन उचललं की ओटीपीचाही उपयोग राहत नाही, कारण चोर तुमच्याच चालू बैठकीत येऊन बसतो. शंका आली तर दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला आणि "सगळ्या उपकरणांवरून साइन आउट" करा. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही.

आणि एक गोष्ट व्हायरस नसतानाही व्हायरस वाटते. "उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले," असा फोन मला आठवड्यातून दोनदा येतो. बहुतेक वेळा ती ब्राउझरची नोटिफिकेशन असते. कधीतरी कुठल्यातरी क्रिकेटच्या साइटला "अलाऊ" दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी नावं काढून टाका, संपलं. पूर्ण स्क्रीन भरून लाल इशारा आणि फोन नंबर आला तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर देत नाही. तिथे जो बोलतो तो एनीडेस्क, म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवता येणारं सॉफ्टवेअर, टाकायला लावतो आणि खरा व्हायरस तोच असतो.

आता अँटिव्हायरस. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीच बसवलेला आहे. घरासाठी तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतंत्र चाचण्यांत त्याचा दर्जा गेली अनेक वर्षं चांगला येतोय. पैसे देऊन घ्यायचाच असेल तर घ्या. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या दुकानातून उभं केलेलं क्विक हील गावोगावच्या दुकानांत मिळतं, अडलं तर मराठीत बोलणारा माणूस भेटतो, आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी ही गोष्ट छोटी नाही. पण दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका, ते एकमेकांशी भांडतात आणि मशीन रांगायला लागतं. आणि अँटिव्हायरस ही विकेटकीपरच्या मागची सीमारेषा समजा. चेंडू तिथवर पोचलाय म्हणजे आधीचे सगळे चुकलेत.

डिफेंडरमध्ये दोन गोष्टी मात्र बघा. "टॅम्पर प्रोटेक्शन" चालू असू दे, म्हणजे इतर प्रोग्रॅम त्याला गुपचूप बंद करू शकत नाहीत. आणि "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" नावाची सोय २०१७ पासून आहे, मुळात बंद असते. ती चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारख्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. सुरुवातीचे आठ दिवस ती तुमच्या चांगल्या प्रोग्रॅमनाही अडवेल, तुम्ही वैतागाल, मग परवानगी देत गेलात की शांत होते. तुमचे फोटो डीमध्ये असतील तर तो फोल्डर यादीत हाताने घाला, तो आपोआप येत नाही. फाइल संशयास्पद वाटली तर व्हायरसटोटल नावाच्या साइटवर चढवून अनेक अँटिव्हायरसचं मत एकदम घेता येतं. पण तिथे चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, तेव्हा स्वतःची कागदपत्रं तिथे टाकायची नाहीत.

आणखी एक, दहा मिनिटांचं काम. मुलांसाठी साधं, म्हणजे ज्याला अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत असं खातं काढा. तुम्हीही रोज तसंच वापरा. काही बसवायचं झालं की पासवर्ड विचारेल, तेवढ्यात माणूस एकदा विचार करतो. फायलींना कुलूप घालणारा व्हायरस साध्या खात्यातूनही तुमच्या फायली बिघडवू शकतो हे खरं, पण डिफेंडर बंद करायला त्याला अ‍ॅडमिनच लागतो.

अपडेटबद्दल लोकांचा राग मला समजतो, ऐन घाईत निळा पडदा येतो. तरीही २०१७ चं उदाहरण सांगतो. वॉनाक्राय हा फायलींना कुलूप घालणारा व्हायरस १२ मेला जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने लोक "नंतर आठवण करा" दाबत राहिले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, तिथे तेच भोक वापरलं होतं. तुमच्या मशीनबद्दल सांगायचं तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी जादा मुदत आहे, पण तिच्यासाठी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. डिफेंडरची व्हायरसची यादी त्यापुढेही येत राहील, पण विंडोजमधली भोकं बुजणार नाहीत. आठ वर्षांच्या मशीनवर विंडोज ११ बसेल की नाही हे प्रोसेसरवर आहे. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर शक्यता चांगली, सातवी असेल तर बहुतेक नाही.

इतकं करूनही झालंच तर? फायलींची नावं बदलताना दिसली की पहिलं काम वायर उपटा. नेटची, बाहेरच्या डिस्कची, आणि मशीनचीसुद्धा सरळ पॉवर बंद करा. जेवढ्या फायली राहिल्या तेवढ्या वाचल्या. लगेच फॉरमॅट मारू नका आणि शेजारच्या हुशार पोराला "क्लीनर" चालवू देऊ नका. कुलूप लागलेल्या फायली आणि ती चिठ्ठी दोन्ही एका डिस्कवर जपून ठेवा. नो मोअर रॅन्सम नावाची साइट आहे, युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेली. तिथे चिठ्ठी दाखवून किल्ली आहे का बघता येतं. स्टॉप-डीजेव्हीयूच्या १४८ उपप्रकारांसाठी एम्सीसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत साधन काढलं. नंतरच्यांमध्ये एक खूण बघा: चिठ्ठीतल्या तुमच्या ओळख क्रमांकाच्या शेवटी टी हे इंग्रजी अक्षर आणि १ हा आकडा असेल, तर हल्ला होताना व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नव्हतं आणि त्याने स्वतःजवळची ठरावीक किल्ली वापरली. अशी किल्ली कधी ना कधी हाती लागू शकते. तसं नसेल तर आज आशा नाही.

तरी सगळंच गेलं असं नाही. हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाइलच्या फक्त पहिल्या दीडशे केबीलाच कुलूप घालतो. त्यामुळे मोठ्या व्हिडिओंची डागडुजी त्याच कॅमेऱ्यातल्या चांगल्या व्हिडिओच्या आधाराने बऱ्याचदा जमते. मोठ्या फोटोंची वरची पट्टी जाते, खालचं येतं. बाईंच्या एका सहलीच्या फोटोत प्रतापगडाचा बुरूज गेला, खाली बसलेली पोरं सगळी आली. पैसे भरू नका. भरून किल्ली मिळेलच असं नाही, आणि तुम्ही देणारे आहात हे त्यांना कळतं. पैसे कुठे गेले असतील, बँकेचं काही दिसलं, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. तिथे वेळेला किंमत आहे.

साफ करताना सी आणि डी दोन्ही बघा. काही जुने व्हायरस, सॅलिटीसारखे, डीमध्ये ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटअप फायलींत लपून बसतात. सी फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं, मग डीमधून प्रिंटरचा ड्रायव्हर चढवला की तो परत हजर. डीमधले सेटअप टाकून द्या, नवे कंपनीच्या साइटवरून घ्या.

राहिला वडिलांचा लॅपटॉप. विंडोज सेव्हनला जानेवारी २०२० पासून अपडेट नाहीत, त्यावर बँक नको, ई-मेल नको. आधी त्यातले फोटो आणि उतारे बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क तुमच्या मशीनला लावताच स्कॅन करा. मग वडील त्यावर काय करतात ते विचारा. पत्ते खेळत असतील, जुनी भजनं ऐकत असतील, तर वायफायचा पासवर्ड काढून टाका आणि त्यांना खुशाल वापरू द्या. बातम्या आणि यूट्यूब लागत असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम टाकून द्या, चार जीबी रॅममध्ये बरं चालतं. माझ्या सासऱ्यांना मी तीन वर्षांपूर्वी टाकून दिलं. वॉलपेपर त्यांचा नेहमीचा पंढरपूरचाच ठेवला, त्यांना अजून काही बदललंय असं वाटत नाही.